जिन्याचा खालचा पाइप

आज कामासाठी पुण्याला गेले होते. आत्ताच नाशिकला घरी पोचले आणि आधी तुम्हालाच सांगतेय.

पुण्यातल्या एका भुयारी मेट्रो स्टेशनच्या जिन्याचे कठडे माझ्या पप्पांनी इथल्या अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये वेल्ड केले होते. ड्रॉइंगमध्ये वर-खाली दोन पाइप होते. खालच्या पाइपवर पप्पा रोज घरी येऊन चिडायचे. "एवढ्या खाली कोण हात लावणार हाय? ड्रॉइंगच चुकलंय." तरी त्याचाही एकेक जोड त्यांनी घासून गुळगुळीत केला. म्हणायचे, "चुकीचा असला तरी आपल्या हातचा हाय."

स्टेशन सुरू झालं की आम्ही दोघं बघायला जाणार होतो. त्याआधीच पप्पा गेले.

आज मी एकटीच तो जिना उतरले. एवढं खोल, तरी वरच्या काचेतून पायऱ्यांवर ऊन येत होतं. माझ्यापुढे एक चारेक वर्षांची मुलगी आजोबांबरोबर उतरत होती. आजोबांनी वरचा पाइप धरला होता आणि तिने खालचा.

ती गेल्यावर मी वाकून त्या पाइपवरून हात फिरवला. जोड कुठे हाताला लागलाच नाही.

ड्रॉइंग बरोबर होतं, पप्पा.

एकाच माणसाला सांगण्यासारखी गोष्ट असली आणि तोच नसला, तर तुम्ही काय करता?