क्लचबाईंची स्टेपनी

क्लचबाईंचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर छापलेलं आहे, पण ते वाचायची वेळ सहसा कुणावर येत नाही. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली आणि त्या सगळ्यांच्या कानांत एकच आरोळी कायमची जाऊन बसली: "क्लच! अहो, क्लच!" दुकानात रांगेत उभ्या असताना एखादा जुना विद्यार्थी मागून हळूच "क्लच" म्हणतो, आणि बाईंचा डावा पाय आपसूक फरशी दाबतो. मग त्या वळून हसतात आणि विचारतात, "काय, आता तरी रिव्हर्स येतो का नीट?"

त्यांचे यजमान मात्र सायकलवरून फिरतात. लग्नानंतर त्यांनाही शिकवायचा एक प्रयत्न झाला होता. दुसऱ्याच दिवशी, गाडी शिकायची की संसार करायचा, असा प्रश्न उभा राहिला. दोघांनी शहाणपणाने संसार निवडला.

बाईंचा आवाज मोठा, पण जीभ मऊ. कुणालाही तोंडावर "तुम्हाला जमत नाहीये" म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. एक दंतवैद्य वळण आलं की डोळे मिटून घ्यायचे. बाई त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा अंदाज चांगला आहे, फक्त तो उघड्या डोळ्यांनी घ्यायचा." एका काकूंनी मैदानातल्या एकाच खांबाला पुन्हा पुन्हा गाडी घासली, तेव्हा बाईंनी सगळा दोष खांबावर ढकलला आणि "आणखी थोडे दिवस करू या" म्हणून मोकळ्या झाल्या. "आणखी थोडे दिवस" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. ते एकाच माणसाला लागू पडेना, आणि तो माणूस म्हणजे त्यांचे वडील.

नाना म्हणजे डेअरीच्या दुधाच्या टँकरचे ड्रायव्हर. आयुष्यभर टँकर हाकला. घाटात, धुक्यात, चिखलात, कुठेही. टँकरवर ओरखडा नाही की दूध नासलं अशी तक्रार नाही. बाईंना स्टिअरिंग हातात दिलं तेही त्यांनीच, डेअरीच्या मागच्या रिकाम्या आवारात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी लाल गाडी घेतली आणि ती रोज पुसायला लागले. घरात नानांना कुणी काही म्हटलेलं चालायचं, लाल गाडीला म्हटलेलं चालत नसे.

पण अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. एकदा नाना औषधं आणायला गाडी घेऊन गेले आणि चालत घरी आले. गाडी दुकानासमोर, इंजिन चालू, दार सताड उघडं. दुसऱ्यांदा वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या एकेरी रस्त्यात उलटे शिरले आणि समोरच्यांनाच हॉर्न मारत बसले. बाईंच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, सरळ विषय काढला. नानांनी त्याच्याशी अबोला धरला तो धरलाच. त्याचा फोन आला की रिसीव्हर टेबलावर ठेवून पेपर वाचायचे. शेवटी दादाने हात टेकले. "तू जगाला शिकवतेस. आता तूच सांग."

बाई मात्र सांगायला धजेनात. नानांनी आपल्याशीही बोलणं टाकलं तर? दादा दूर राहतो, कामात असतो, त्याचं निभावतं. बाईंची संध्याकाळ नानांच्या फोनशिवाय संपत नव्हती. "आज कुणी धडकलं का?" हा नानांचा रोजचा प्रश्न. तो बंद झाला तर घर खायला उठेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्या आज सांगू, उद्या सांगू करत राहिल्या. आणि एके सकाळी नानांचाच फोन आला. "माझं लायसन्स संपतंय. तुझी त्या ऑफिसात रोजची ऊठबस. मला घेऊन चल."

आता ऑफिस यायच्या आत सांगणं भाग होतं. तिथला साहेब बाईंच्या ओळखीचा. तो नानांना खुर्ची देईल, चहा विचारेल आणि सही करून टाकेल, याची बाईंना खात्री होती.

त्या दिवशी बाईंनी आपली स्वतःची गाडी काढली. तिच्याबद्दलही थोडं सांगायला हवं. जन्मभर शिकवणीच्या, दुहेरी पेडलांच्या ठोकलेल्या गाडीत बसून झाल्यावर बाईंनी हौसेने एक दणकट गाडी घेतली होती. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचते, त्यातली. जुनीच, एका हौशी तरुणाकडून घेतलेली. त्या तरुणाने कंपनीची चाकं काढून बाजारातली रुंद, चकचकीत अलॉय चाकं बसवली होती, आणि चाकं मोठी झाली म्हणून पुढचे ब्रेकही मोठे करून घेतले होते. बाई त्या चाकांवर भाळल्या. नानांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "ही चाकं आहेत की झुंबरं?"

बाईंच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: नवी गाडी घेतलीत? आधी स्टेपनी लावून बघा. हे वाक्य बाईंचं. पाटीही बाईंनीच रंगवलेली. स्वतःच्या गाडीची स्टेपनी मात्र त्यांनी झाकण उचलून पाहिलीसुद्धा नव्हती.

नाना इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी घोटून पुढे बसले. वस्ती मागे पडली. बाईंनी दोनदा घसा साफ केला. पहिल्यांदा नाना म्हणाले, "खडीसाखर देऊ?" दुसऱ्यांदा बाई बोलणार, तेवढ्यात पुढचं चाक रस्त्याच्या तुटक्या कडेवरून गेलं आणि टायर फाटल्याचा आवाज झाला.

दोघं खाली उतरले. टायर बाजूने चांगलाच चिरला होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. "झुंबर फुटलं," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर बाईंना हायसं वाटलं. फाटलेल्या टायरपाशी वाईट बातमी सांगायची नसते, असा एक नियम त्यांनी तिथल्या तिथे करून टाकला. डिकी उघडली. आत कंपनीची काळी, लोखंडी, अंगाने बारीक स्टेपनी होती. जॅक लावला, चाक उतरवलं, स्टेपनी उचलून पुढे बसवायला गेले तर ती बसेना. रिम आतल्या मोठ्या ब्रेकला अडत होती. फिरवून पाहिली, दाबून पाहिली, नानांनी तिला एक शिवीही देऊन पाहिली.

"स्टेपनी लावून बघितली होतीस ना?" नानांनी अगदी साळसूदपणे विचारलं.

"नाना, आत्ता नको."

"नाही, भिंतीवर लिहिलंयस म्हणून विचारलं."

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि विचार केला. मागचे ब्रेक लहान आहेत. म्हणजे मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. नानांनी मान डोलावली आणि अलॉयचा एक नट हातात घेऊन स्टेपनीच्या भोकाशी धरला. "हे नट लोखंडी चाकाला चालायचे नाहीत. ह्यांची बैठक वेगळी आहे. जुने कुठायत?" डिकीच्या तळाशी शोधल्यावर एका मोज्यात बांधलेले जुने नट सापडले. तो तरुण अगदीच वाया गेलेला नव्हता.

फाटकं चाक तात्पुरतं परत अडकवून दोघं मागे आले. नानांना उकिडवं बसायला कुणी मदत केलेली खपत नाही, म्हणून बाई बाजूला उभ्या राहिल्या. आणि बघत राहिल्या. नानांचे हात पूर्वीसारखेच चालत होते. मागचं चांगलं चाक उतरलं, स्टेपनी अलगद चढली, नट बोटांनी फिरवून बसवले, जॅक सैल करून गाडी खाली उतरवली. मग गाडीला धरून ते उभे राहिले, शर्टाला डाग पडलाय का पाहिलं आणि म्हणाले, "साहेबासमोर जरा बरं दिसायला हवं. ह्या वेळी लायसन्स चांगलं लांबच्या मुदतीचं मागू."

ते ऐकलं आणि बाईंच्या तोंडून एकदम निघून गेलं. "नाना, आपण ऑफिसात नको जाऊ या. तुम्ही आता गाडी चालवू नका."

खांब नाही, अंदाज नाही, आणखी थोडे दिवस नाहीत. बाई स्वतःच दचकल्या.

नाना पाना हातात धरून उभे होते. "दादाने पढवलं तुला?"

"दादाने सांगितलं, पण मलाही तेच वाटतं. मला भीती वाटते नाना. फोन वाजला की वाटतं, तुमचंच काहीतरी झालं."

"तू शिकवणार मला? स्टिअरिंगवर तुझा हात कुणी ठेवला होता?"

"तुम्हीच."

 नाना जॅक उचलून पुढे गेले आणि तिथे लावून दिला. पुढचं चाक बाईंनी बसवलं, डोळ्यांतून पाणी पुसत पुसत. पुढचे नट त्यांनी दोनदोनदा आवळले. मागचे तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. नानांनी लावलेलं चाक कुणी तपासत नसतं.

निघाल्यावर बाईंनी गाडी हळू चालवली. स्टेपनी बाकीच्या चाकांहून लहान. चारही चाकं एकमेकांशी जोडलेल्या गाडीत एकच चाक वेगळ्या मापाचं फिरलं की मधल्या यंत्रावर ताण येतो आणि ते तापतं. त्यामुळे वेग कमी ठेवायचा आणि जवळचं टायरचं दुकान गाठायचं. हे सगळं एरवी बाईंनी नानांना ऐकवलं असतं आणि नानांनी त्यावर काहीतरी टोमणा मारला असता. आता नाना खिडकीबाहेर बघत होते. मागून सायकलवाला पुढे निघून गेला तरी ते काही म्हणाले नाहीत. अबोला सुरू झाला होता.

"पुढच्या चौकात सरळ घे," एकदाच ते म्हणाले. सरळ म्हणजे ऑफिस. टायरचं दुकान उजवीकडे होतं.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांच्यातलं बळच संपलं होतं. दादाला काय सांगायचं ते नंतर बघू, आधी हा माणूस आपल्याशी बोलू दे, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात नानांनी मान वळवली. "काच खाली कर." बाईंनी केली. बाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. "थांबव," नाना म्हणाले. "आत्ता थांबव. मागचं चाक बोलतंय."

गाडी कडेला घेताना बाईंनाही ऐकू आलं. टक, टक, टक. नाना उतरून मागे गेले, स्टेपनीपाशी बसले आणि नटाला बोट लावलं. नट फिरला. दुसऱ्याला लावलं, तोही फिरला. सगळेच फिरत होते. गाडी खाली उतरवल्यावर पान्याने करायची शेवटची आवळणी राहून गेली होती.

नानांनी पाना मागून घेतला. एक नट, मग समोरचा, मग त्याच्या शेजारचा, असे सगळे नट पुरते आवळले. मग पुन्हा पहिल्यापासून आवळले. बाई वाकून म्हणाल्या, "हे चाक मीच लावलं ना मघाशी? घाईघाईत राहिलं माझ्याकडून."

नानांनी वर पाहिलं. "खोटं बोलताना तुझा आवाज फार गोड होतो. काकूंना खांबाचं सांगतेस तसा."

"मग मी मध्येच बोलले म्हणून झालं. तुमचं लक्ष उडालं."

"टँकरमध्ये क्लीनर जन्मभर बडबडत होता. कधी नट राहिला नाही." नाना पान्याकडे बघत राहिले. "राहिलं याचं मला काही नाही गं. माणसाकडून राहतं. पण मी आवळल्याचं मला आठवतंय. हा पाना, हा जोर, सगळं आठवतंय. आत्तासुद्धा शपथेवर सांगेन की आवळले होते."

 बाईंनी हात पुढे केला, आणि उकिडवं बसलेले नाना पहिल्यांदाच तो हात धरून उठले.

दोघं गाडीत बसून चौकात आले. सिग्नल लाल होता.  ऑफिसची इमारत समोरच दिसत होती, दारात लोकांची रांगही दिसत होती. नानांनी ती बघून घेतली.

"उजवीकडे वळव," ते म्हणाले.

बाईंनी इंडिकेटर दिला. दिवा हिरवा झाला आणि त्यांना पुढचं काही धड दिसेना. डोळे सारखे भरून येत होते. मागच्या गाडीने हॉर्न दिला. नाना सरळ समोर बघत बसले होते, हात मांडीवर, आणि त्यांचा डावा पाय गाडीची फरशी दाबत होता.

"रडायचं तर रड," नाना म्हणाले, "पण आरशात बघत रड."