पोकळ रणगाडा

आमच्या घरात पहिला रणगाडा झाला तो ठोस झाला. नवऱ्याची चूक म्हणावी तर चूक, पण ती हाताच्या सवयीची होती.

आम्ही नागपूरच्या इतवारीतले सुतार. नवरा दिवसा रेल्वेच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांच्या फळ्या बदलायचा आणि घरी आला की तान्ह्या पोळ्यासाठी बैल कोरायचा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडाचे बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात, ते बैल. बैल एकाच ओंडक्यातून काढायचा, ही घरची रीत. शिंगं आणि चाकं तेवढी वेगळी बसवायची. अंगाला जोड दिलेला बैल सासू सरळ चुलीत घालायची.

सासूला आम्ही सगळे माय म्हणायचो. चाळीस वर्षं तिने बैल घासले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी घासणं थांबलं नाही, कारण ती तसंही बोटांनीच पाहायची. पाठीवर केसाएवढा उंचवटा राहिला तरी बैल नवऱ्याकडे परत यायचा. "काय गा, बैलाले गळू झालं का?" असं विचारायची. स्वयंपाकघरात मला असेच बोल बसायचे. पण ती तोंडावर बोलायची, मागे नाही. माझंही तसंच. म्हणून आमचं जमलं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि धाकटा दीर भरती झाला. एका शेटजींची मोटार चालवायला शिकला होता, म्हणून त्याला रणगाड्यांच्या पलटणीत घेतलं. कोणत्या मुलखात आहे ते लिहायची त्याला बंदी होती. लिहिलंच तर त्यावर काळी शाई फासून पत्र यायचं. घरात वाचता येणारी मी एकटी, आणि मी तरी चौथीच शिकलेली. एका पत्रात त्याने लिहिलं की मी आता टँक चालवतो, तो सगळा लोखंडाचा असतो, माझी जागा आत समोर एका बाजूला आहे आणि डोक्यावर झाकण असतं.

मायने बाकी सगळं सोडलं आणि झाकण तेवढं धरलं.

"झाकण? डब्याले असते तसं?"

"तसंच असन."

"मंग ते उघडते कोन? आतून उघडते का बाहेरून?"

"मले काय माहीत, माय? तेवढं नाई लिहिलं."

"मंग लिहून इचार."

विचारलं. उत्तर आलं त्यात नेमक्या दोन ओळी काळ्या होत्या.

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. अर्धी भाकर खायची आणि ताट सरकवायची. रडली नाही. रडणारी बाई नव्हती ती. घासायला दिलेला बैल मांडीवर घेऊन नुसती बसायची. मध्येच म्हणायची, "निघता येते का नाई त्याले, एवढंच कोनी सांगा." कोण सांगणार? महिनाभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. दीर परत येईपर्यंत ही राहते की नाही, असं नवऱ्याला वाटायला लागलं. मलाही वाटत होतं. 

नागपूर स्टेशनावरून तेव्हा लष्कराच्या गाड्या जायच्या. एक दिवस नवरा यार्डातून आला आणि हातपाय न धुता ओसरीवर बसला.

"आज पाह्यला," तो म्हणाला. "उघड्या वॅगनवर चार उभे होते. मायले करून देतो मी. हातात धरला म्हंजे समजन तिले."

आठ दिवसांत त्याने शिवणीच्या लाकडाचा रणगाडा कोरला. देखणा होता. मायने तो दोन्ही हातांत घेतला, चाकं फिरवली, तोफेची नळी चाचपली, अंगावरून बोटं नेली. कुठे उंचवटा नव्हता. मग तिने बोटाच्या पेराने त्याच्यावर ठोकलं.

"हे ठोस हाय."

"हो."

"मंग माहा पोट्टा कुठी बसते गा? लाकडात?"

नवऱ्याचं तोंड पाहून मला हसू आलं. यायला नको होतं. पण बैलाच्या पोटात कोणी बसत नाही. पोकळ वस्तू करायची वेळ आमच्या घरात तोवर आलीच नव्हती.

दुसरा रणगाडा बांधावा लागला, कोरता आला नाही. बैल अंदाजाने होतो. आत माणूस बसवायचा तर माप लागतं. लष्कराच्या वॅगनजवळ कोणी जाऊ देत नव्हतं. पण वॅगनच्या तळाच्या फळ्या नवऱ्याच्या ओळखीच्या होत्या. एक फळी किती रुंद, ते त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. रणगाड्याखाली किती फळ्या झाकल्या जातात ते तो लांब उभा राहून मोजायचा आणि तेवढ्या गाठी धोतराच्या सोग्याला मारून घरी यायचा. घरी आल्यावर मी त्या गाठी कोळशाने भिंतीवर मांडायची. हिशेब सोपा धरला होता. खऱ्या रणगाड्याच्या एका हाताला आमचं एक बोट.

चहाच्या खोक्याच्या पातळ फळ्या त्याने सरसाने, हाडाकातड्याच्या डिंकाने, जोडल्या. सरस चुलीवर तापला की घरभर मेलेल्या जनावराचा वास सुटायचा. चाकांवरून फिरणारा पट्टा माझ्याकडे आला. खाटेच्या नेवारीची बारीक पट्टी कापून तिच्यावर मी घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचे तुकडे शिवले. एका बाजूला साठ, दुसऱ्या बाजूला साठ. बोटं इतकी कापली की भाजीत मीठ टाकताना जीव जायचा. अंगावर खिळ्यांची डोकी दिसायला हवीत म्हणून नवऱ्याने मोहरीचा एकेक दाणा सरसात बुडवून ओळीने चिकटवला. सकाळी पाहिलं तर अर्धी ओळ उंदरांनी खाल्लेली. त्यांना मोहरीशी काम नव्हतं, सरस गोड लागला. मग त्याने जुन्या बारीक खिळ्यांची डोकी कापून बसवली.

यार्डातून आला की भाकर एका हातात आणि कानस दुसऱ्या हातात. पोळा तोंडावर आला आणि बैल अर्धवट पडलेले. शेजारची बाई म्हणाली, तुझ्या नवऱ्याला नाद लागला. लागलाच होता. पण दारूचा नव्हता, पत्त्यांचा नव्हता.  रंग लावून झाल्यावर त्याने खालच्या बाजूला काळी माती फासली, तेव्हा मी विचारलं.

"नवा कोरा रंग देल्ला अन् आता माती काहून?"

"चिखलातून चालते वं तो. पुसायले कोन बसलं हाय तिथी?"

दीर चार हात उंच. म्हणून आत बसायचा माणूस चार बोटांचा कोरला. तो समोरच्या जागी बसवला तर डोकं झाकणाला टेकायचं, मान वाकवावी लागली. मायने झाकणातून करंगळी घालून ती मान चाचपली.

"वाकडा काहून बसवला?"

"उंच हाय म्हून."

"मी म्हनतच होती, एवढ्या उंच मानसानं भरती होऊ नये."

तेव्हा तोफेचा मनोरा बसायचा होता. मायच्या हाताखालून रणगाडा काढून नवऱ्याने आत चुलीपाशी नेला आणि मनोरा बसवला. जात्याच्या मधल्या खिळीसारखा मध्ये खुंटा ठेवला होता, त्यावर तो गरगर फिरायचा. नवरा लेकरासारखा खूश झाला. तोफ सरळ ठेवून झाकण उघडलं, उघडलं. तोफ जराशी झाकणाच्या बाजूला फिरवली आणि झाकण उचललं, तर ते अर्ध्यात जाऊन नळीला धडकलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा धडकलं.

"माप चुकलं असन," मी म्हटलं.

"माप नाई चुकलं."

 तो उठला, सरसाची वाटी चुलीवर ठेवली, आणि तोफ सरळ करून मनोरा जागच्या जागी चिकटवून टाकला.

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

"तिची भाकर दिसून नाई राहिली का तुले?"

दिसत होती. सरसाची वाटी मीच घासून ठेवली. त्या घरात मायपासून लपवलेली ती माझी पहिली गोष्ट.

मायने रणगाडा घेतला. नखाने झाकण उघडलं, लावलं, उघडलं. वीस वेळा तरी केलं असेल. "निघते," ती म्हणाली, आणि मला ताट वाढायला सांगितलं. सगळी भाकर खाल्ली आणि वर विचारलं, "जवसाची चटणी संपली का वं घरातली, का लपवून ठेवली?" दुसऱ्या दिवशी बैल घासायला बसली. नवरा माझ्याकडे पाहून हसला. मी हसले नाही.

महिना दीड महिना बरा गेला. मग दिराचं पत्र आलं. मी काही सरसर वाचणारी नव्हते. एकेक अक्षर जोडत वाचायची, आणि तोंड पुढे जायचं, डोकं मागून यायचं. "आमची तोफ बसल्या जागी चहूकडे फिरते," हे मी मोठ्याने वाचून टाकलं आणि मग मला कळलं मी काय वाचलं.

मायने रणगाडा मांडीवर घेतला. मनोरा दोन बोटांत धरून फिरवायला गेली.

"हे फिरत काहून नाई?"

नवरा म्हणाला, "सरस जास्त झाला, माय."

"चाळीस वर्सं झाली मले सरस पाहून." ती माझ्याकडे वळली. "गरम पानी आन वं."

फडकं गरम पाण्यात पिळून तिने मनोऱ्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं आणि बसून राहिली. सरस सुटला. तिने तोफ थोडी फिरवली आणि झाकण उचललं. टक. अजून थोडी फिरवली. टक. आम्ही दोघं समोर उभे, शाळेत छडी खायला उभं राहावं तसे. मला वाटलं आता हिची भाकर कायमची सुटली.

"म्हंजे तोफ सरळ असली तं निघता येते," माय म्हणाली.

"हो."

"वाकडी असली तं नाई."

"हो, माय."

"मंग हे सांगाले तुमचं तोंड दुखत होतं का? एवढा मोठा रनगाडा बांधला अन् एक गोष्ट सांगता येत नाई! अन् तू वं? तुले तं मी खरी समजत होती."

मी भिजलं फडकं उचलायला वाकले.

"कागद घे," ती म्हणाली. "लिही. तोफ कोन फिरवते त्याले धरून राह्य. त्याच्याशी भांडू नको. त्याच्या जातीपातीचं काही इचारू नको. काही झालं तं आधी तोफ सरळ कर म्हना, मंग बाहेर पय. लिहिलं?"

"लिहून राहिली."

"अन् लाडू धाडतो म्हना. अर्धे त्याले दे. अर्धे म्हंजे अर्धे."

लाडू मीच वळले. ती जवळ बसून मोजत होती आणि लहान वळला की परत टाकायला लावत होती. त्या रात्री तिने भाकर पूर्ण खाल्ली. तिला आता करायला काही सापडलं होतं. माझ्याशी मात्र आठ दिवस कामापुरतंच बोलली, आणि ते मला लागलं.

लाडू दर दोन महिन्यांनी गेले. तोफेबद्दल उत्तर कधी आलं नाही, आलं असेल तर काळ्या शाईखाली राहिलं. "लाडू पोचले, सगळ्यांना आवडले," एवढं मात्र नेहमी यायचं. नवऱ्याने तेवढ्यात आणखी दोन रणगाडे बांधले, आधीच्यापेक्षा बारीक कामाचे. त्यांचे मनोरे फिरते होते.

लढाई संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी दीर आला. थंडीचे दिवस होते. हिवतापाने पिवळा पडलेला, गालफडं बसलेली. मायने त्याला दारातच धरलं आणि डोकं, कान, दोन्ही हातांची बोटं, सगळं एकेक तपासलं. बैल तपासायची तसंच. मग मला रणगाडा आणायला सांगितला आणि त्याच्या हातात दिला.

दीर पाहतच राहिला. मनोरा फिरवला, पट्टा चाचपला, झाकणातून आत डोकावला.

"दादा, हे तं जसंच्या तसं हाय गा! माप कुठून आनलं?"

"माप मरू दे," माय म्हणाली. "तोफ सरळ करत होता का तो? लाडू खाऊन?"

दीर हसायला लागला. "माय, झाकण आम्ही लावतच नव्हतो. आत नुसती भट्टी वं. लावलं तं समोरचं दिसतही नाई. मी तं सारा वेळ डोकं बाहेर काढूनच चालवत होतो."

 मायने त्याच्या पाठीत असा धपका घातला की तो पुढे झुकला.

"डोकं बाहेर? गोळ्या चालून राहिल्या अन् तू डोकं बाहेर काढून बसला? मंग झाकण कशाले देल्लं होतं सरकारनं? अक्कल गहान ठेवली का तुनं?"

"अवं पन निघता आलं पायजे, असं तूच तं..."

"चूप बस! वाढ वं त्याले. नाई म्हनला तरी वाढ."

मी वाढलं. माय त्याच्या ताटाला लागून बसली. तोंडाने शिव्या चालूच होत्या. एक हात मात्र तिने त्याच्या गालावर ठेवला होता, आणि तो घास चावतो आहे की नुसताच गिळतो आहे हे जेवण होईपर्यंत ती पाहत राहिली.