पहिला नंबर पोरांचा

चकाल्याच्या नाक्यावर राजेश तावडेचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन मशीन, एक कॉम्प्युटर आणि एक स्टूल. पण दहावीचा निकाल लागला की तिथे उभं राहायला जागा मिळत नाही, कारण अकरावीचा ऑनलाइन फॉर्म राजेशनेच भरावा असं अंधेरीपासून पार्ल्यापर्यंत सगळ्यांना वाटतं. कुठल्या कॉलेजचा कटऑफ गेल्या वर्षी किती होता, त्याला तोंडपाठ. स्वतः मात्र हा गडी दहावीच्या पुढे गेला नाही.

त्याचा एक नियम आहे. फॉर्ममध्ये दहा कॉलेजं भरता येतात, आणि पहिल्या नंबरचं लागलं तर तेच घ्यावं लागतं. म्हणून पहिला नंबर पोरांचा, उरलेले नऊ आईबापांचे. पहिला नंबर भरताना तो पालकांना सरळ दुकानाबाहेर काढतो. वर बजावतो, "नंतर 'का' म्हणून विचारायचं नाही."

मलाही काढलं होतं. आमच्या शौनकने सायन्स सोडून गोरेगावला आर्ट्स भरलं आणि मी फुटपाथवर उभी राहून राजेशच्या नावाने बोटं मोडली. अजून आठवलं की डोकं फिरतं. शौनक मजेत आहे, ती गोष्ट वेगळी.

यंदा राजेशच्या मुलीची, श्रुतिकाची वेळ आली. चांगले ब्याण्णव टक्के मिळालेले. पार्ल्याचं जुनं कॉलेज सहज लागलं असतं. राजेशला स्वतःला तिथेच जायचं होतं, पण वडिलांची गिरणी बंद पडली आणि ते राहूनच गेलं. आता मुलगी जाणार म्हणून तो वर्षभर हवेत होता.

मी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेले, तर साहेब फुटपाथवर.

"तू इथे काय करतोयस रे?"

"श्रुतिका फॉर्म भरतेय ताई. नियम म्हणजे नियम."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी मुद्दाम थांबले. पाच मिनिटांत त्याने तीनदा घड्याळ बघितलं, दोनदा काचेतून आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "इतका वेळ लागतो?"

"लागतो," मी म्हटलं.

शेवटी श्रुतिकाने हाक मारली. तो आत गेला, पाठोपाठ मीही. स्क्रीनवर पहिला नंबर घाटकोपरच्या कॉलेजचा. पार्लं दुसरं.

राजेशचा चेहरा खाडकन उतरला. स्वतःचाच नियम त्याने मोडला. "का गो?"

श्रुतिका जरा घुटमळली. मग म्हणाली, "पप्पा, पार्ल्याला अर्ध्या वर्गाचे फॉर्म तुम्हीच भरलेले असणार. क्लासमध्ये काय होतं माहितेय ना? माझं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. झेरॉक्सवाल्या राजेशकाकांची मुलगी, बस्स. दोन वर्षं मला नुसतं श्रुतिका व्हायचंय."

राजेशचा हात माउसवर गेला. पार्लं वर सरकवायला कितीसा वेळ लागणार होता? मघाचा माझा सगळा आनंद तिथेच संपला. खरं सांगते, मला त्याचं फार वाईट वाटलं.

"घाटकोपर मेट्रोने बरं पडतं," एवढंच तो म्हणाला आणि त्याने फॉर्म लॉक केला.

पहिल्याच यादीत घाटकोपर लागलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी काय झालं, ते त्यानेच मला सांगितलं. तो तिला मेट्रोच्या जिन्यापर्यंत सोडायला गेला होता. श्रुतिका चार पायऱ्या चढली असेल, तेवढ्यात मागून आलेला एक मुलगा ओरडला, "अरे, राजेशकाका! मला घाटकोपर लागलं! तुम्हीच भरलेला ना माझा फॉर्म!"

नाक्यावर दोन माणसांनी ओळख दिली तरी दिवसभर खूश असणारा हा माणूस. त्याने मुलाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"कोण राजेश? तुझी काहीतरी चूक होतेय बाळा," म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

वर श्रुतिका थांबली. वळली. आणि त्या मुलाच्या देखत, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "पप्पा, येते हां!"