गोंदाचा जोड आणि माझा आकडा

दोन लोखंडी तुकड्यांचा गोंदाने केलेला जोड किती आघात सोसेल, याचं भाकीत नात परवा कॉम्प्युटरवर करत बसली होती. एकही तुकडा न तोडता. आमच्या वेळी आधी आकडा सांगायचा आणि मग चारचौघांसमोर तोडून दाखवायचं.

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात, चाचणीच्या खोलीत, मी तात्पुरती नोकरीला होते. बी.एस्सी. ताजी, त्यामुळे नाक बरंच वर. पंपाच्या एका भागात ठोकून बसवायच्या रिव्हेटऐवजी गोंद वापरावा असं मालकांच्या मनात होतं. जोड किती सोसेल ते मी सांगायचं, यंत्राचा झुलता हातोडा जोडावर आदळून ते तपासणार, आणि आकडा जमला तर मी कायम.

हिशोब चोख केला. गोंदाचा थर, चिकटलेली जागा, हळू ओढून तोडलेल्या जुन्या जोडांची ताकद. तुकडे पॉलिश पेपरने घासले, ॲसिटोनने पुसले, कुणी बोट लावलं तर ओरडले. मग आली खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा. माझ्या तुकड्यांनीच काय पाप केलं होतं? तेलाचं बोट लावून मी त्यांना हळदकुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर पदराने पुसून गोंद लावला. पदर रेशमी, म्हणजे स्वच्छता झालीच, असं मला मनापासून वाटलं.

हातोडा सुटला. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. यंत्रावरचा काटा माझ्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही. मालकांनी तुकडा उजेडात धरला. सुटलेल्या गोंदात लाल बोट उमटलं होतं.

"बाई, पूजा झ्याक केलीसा," ते म्हणाले. "पर गोंद कुंकवाला चिकटला की, लोखंडाला न्हाय."

आकडा बरोबर आहे, जोडच चुकीचा आहे, असं मी त्यांना ऐकवलं. ज्या ठसक्यात ऐकवलं, तो आठवला की त्या पोरीचा कान धरावासा वाटतो. मालकांनी नवे तुकडे घासायला, पुसायला आणि लगेच चिकटवायला लावले, आपल्या डोळ्यांदेखत. गोंद वाळल्यावर पुन्हा हातोडा सोडला. हा जोड माझ्या आकड्याच्या पुष्कळ वर जाऊन तुटला. हळू ओढण्यावरून फटक्याचा अंदाज बांधता येत नाही, हे तेव्हा कळलं. म्हणजे मी पुन्हा चुकले होते, फक्त दुसऱ्या बाजूने.

मालकांनी गोंद मंजूर केला आणि मला तात्पुरतंच ठेवलं. घरी मी सांगितलं, कायम करायची पद्धत सध्या सगळीकडेच बंद आहे.