घरची कुमारिका

आमचा धंदाच मुळी लोकांना जेवू घालायचा. नवरा बनारसच्या दशाश्वमेध घाटावर यजमानांची कार्यं करायचा आणि मग ती अख्खी वरात जेवायला दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी घेऊन यायचा. पुण्याचे, नाशिकचे, सोलापूरचे लोक माझ्या हातची आमटी ओरपून तृप्त होऊन जायचे. अशा घरात पाच वर्षांची एक पोर माझ्या हातचं खाईना. आता बोला!

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गल्लीत केबल नुकती आली होती. ही माझ्या नवऱ्याच्या चुलतबहिणीची मुलगी. आई गेली, बापानं दुसरा घरोबा केला, आणि पोर या मामाकडून त्या काकाकडे फिरत फिरत शेवटी आमच्याकडे आली. आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, दोन्हीकडचा प्रश्न सुटला. मलाही वाटलं. मी मूर्खासारखे लाडू वळून ठेवले होते.

मी वाढलं की ही तोंड शिवल्यासारखी बसायची. घास पुढे केला की मान फिरवायची. पण यजमानांपैकी कुठलीही बाई, जिचं नावगाव आम्हालाही धड माहीत नाही, नुसती ‘ये गं’ म्हणाली की ही तिच्या मांडीवर. तिच्या हातून वरणभात मटामटा खायची. भात माझा, वरण माझं! वर ती बाई मलाच सांगणार की मुलगी किती गुणाची आहे हो, जरासुद्धा त्रास देत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि चोऱ्या. उशीच्या अभ्र्यात पुऱ्या, दप्तरात गूळ, देवघरात गणपतीच्या मागे करंज्या. एकदा तर नैवेद्य दाखवायच्या आधीच वाटीतली खीर गायब. देवानं काही तक्रार केली नाही, सासूबाईंनी केली. घरातल्या मुंग्या तेवढ्या बाळसं धरू लागल्या.

उपदेशाला काय तोटा? डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. ब्रह्मा घाटावरच्या एका वैनींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि घरभर खकाणा करून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस उपाशी ठेव, झक मारत खाईल. ते मी केलं नाही. पोरीचा हट्ट मी पाहिला होता. दोन दिवसांनी मीच झक मारत रडले असते. मला हवं होतं ते एवढंच, की तिनं एकदा माझ्या हातचं पोटभर जेवावं. मग आई म्हण, मामी म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस.

नवरात्र आलं. अष्टमीला आमच्याकडे कुमारिका जेवायला असतात. त्या दिवशी बनारसमध्ये लहान मुलींचा भाव असा वधारतो की विचारू नका. एकेक पोर सकाळपासून चार घरची खीर खाऊन येते आणि आपल्याकडे नुसती पुरी कुरतडते. त्या वर्षी एकीला कांजिण्या झाल्या आणि आम्हाला एक मुलगी कमी पडली. सासूबाई म्हणाल्या, आपली बसव. मी घाईघाईनं तिला नवा फ्रॉक चढवला आणि ओळीत बसवलं. सगळ्यांचे पाय धुतले, तिचेही धुतले. कुंकू लावलं, गजरा माळला, पुरण वाढलं.

आणि ती जेवली. मान खाली घालून, एकेक घास चावून, खीर, पुरण, भजी, सगळं. मी पदराआड डोळे पुसले. देवी पावली म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. मग रीतीप्रमाणे प्रत्येकीच्या हातात रिबीन ठेवून, वाकून नमस्कार करत म्हणत गेले, ‘पुढच्या वर्षी या हं.’ सवयीनं तिलाही म्हटलं.

बाकीच्या पोरी पळाल्या. मी हात पुसत बाहेर आले, तर ही दारात उभी. पायात चपला, काखेत कपड्यांची पिशवी.

‘‘आता कोणाकडे जायचंय?’’ तिनं विचारलं.

मला काही कळेना. मग तीच समजावल्यासारखी सांगू लागली, की त्या मामींनीपण नवा फ्रॉक दिला होता, खीर-पुरी दिली होती, फिर आना म्हणाल्या होत्या, मग गाडी में बिठाया. काकूंनीपण. म्हणजे मघाशी ती निरोपाचं जेवण जेवली होती. मी तिचे पाय धुतले, खायला घातलं आणि माझ्याच तोंडानं तिला जा म्हणून सांगितलं. मला राग आला. कोणाचा ते विचारू नका, सगळ्यांचाच आला.

‘‘चपला काढ आधी,’’ मी ओरडले. ‘‘आणि तुझं ताट कोण उचलणार?’’

आतून सासूबाई कडाडल्या, की कुमारिकेला उष्टं उचलायला लावतेस, पाप लागेल. मी म्हटलं, लागू दे.

‘‘पाहुण्यांची ताटं मी उचलते. घरातल्यांनी आपापली उचलायची.’’

तिनं पिशवी खाली ठेवली. मग चपला काढल्या, ताट दोन्ही हातांनी धरून मोरीकडे निघाली आणि वाटीतली उरलीसुरली खीर माजघरात सांडली. मी मागून पुसत गेले. तोंडानं बडबड चालू होती आणि डोळ्यांतून पाणी.

‘‘शाम को क्या बनेगा?’’ मोरीतून तिनं विचारलं.

मी म्हटलं, काही नवीन बनणार नाही, सगळ्यांनी उरलेलंच खायचंय.

संध्याकाळी मी तिला पुरण वाढलं. तिनं ताट दूर सारलं.

‘‘उद्या खाईन,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, बरं.