पेटीतली खुरखुर

हेमकांत सरांनी नवलसिंगकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तो संगणकाच्या पेटीला कान लावून बसला होता. तोरणमाळच्या वाटेवरची आश्रमशाळा. सर कळसाडीचे, नुकतेच रुजू झालेले.

"काय ऐकतोस रे?"

"पान ठेवलं की आत खुरखुर होते, सर. उंदीर दाणे नेतो तशी."

सर हसले. डोंगरात रेंज तासभर आली तर आली, म्हणून त्यांनी त्या पेटीत प्रॉक्सी बसवला होता. एका मुलाने उघडलेलं पान तो साठवून ठेवी, आणि रेंज गेली तरी बाकीच्यांना ते मिळे. पेटी पुसणं, चालू-बंद करणं हे काम हंगामी शिपाई असलेल्या नवलसिंगकडे.

दिवाळीआधी तपासणी झाली आणि त्याच आठवड्यात पानं साठेनाशी झाली. रेंज असेतो सगळं उघडे. गेली की पडदा कोरा. सरांनी डिस्कवरची जागा पाहिली, भरपूर होती. पानांच्या आकाराची मर्यादा वाढवली. पाठ्यपुस्तकाचं एक साधं पान दोनदा उघडून पाहिलं; दुसऱ्यांदाही ते बाहेरूनच आलं.

"सर, खुरखुर बंद झालीय," नवलसिंग म्हणाला. "साहेब आले त्याच्या आदल्या दिवसापासून."

"तूच काहीतरी करी ऱ्हायना!" वैतागून सरांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली. "मेनस्विच खाली ओढतोस ना?"

"नाही सर. तुम्ही शिकवलं तसंच बंद करतो."

सरांना पटलं नाही. मुख्याध्यापिका शीलाबाईंना त्यांनी लेखी दिलं: शिपायाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र बिघडले. नवलसिंगला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाठवलं गेलं. जाताना त्याने पेटी पुसायचं फडकं धुऊन, पिळून खिडकीत वाळत घातलं.

तो गेला तरी पानं साठेनात. तेव्हा कुठे सरांनी प्रॉक्सी स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी मागपर्यंत वाचल्या. एकच ओळ शेकडो वेळा: साठ्याच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. पहिली नोंद तपासणीच्या आदल्या दिवसाची. साहेबांसमोर नवलसिंगकडून काही गडबड नको, म्हणून त्या दिवशी सरांनीच ते फोल्डर फक्त आपल्या नावावर करून घेतलं होतं; प्रॉक्सी वेगळ्या नावाने चालतो, हे विसरून.

त्यांनी प्रॉक्सीला परवानगी परत दिली. पेटीत खुरखुर झाली.

स्वयंपाकघरात नवलसिंग कणीक मळत होता. सगळ्या बायांदेखत सर म्हणाले, "नवलदादा, चूक मन्ही व्हती," आणि काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे सर, कुलूप माझ्यासाठी लावलं आणि प्रॉक्सीच बाहेर राहिला?"

बाया हसल्या. "बघा, मास्तर कसे लाल झाले!" फुलीबाई म्हणाली. सर तसेच शीलाबाईंकडे गेले, पत्र मागे घेतो म्हणाले.

"पत्र वर गेलं, सर. त्याच्या जागी दुसरा शिपाईही येऊन बसलाय. आता मी काय करू?"

सरांनी दुसरं पत्र लिहिलं, स्वतःची चूक कबूल करणारं. त्याला अजून उत्तर नाही.

नवलसिंग स्वयंपाकघरातच आहे. रोज सकाळी तो दीडशे मुलांची कणीक मळतो.