तोंड बघून ये गो

मलेरियाची स्लाइड पॉझिटिव्ह निघाली की आमच्या लॅबमधले तात्या खुर्ची मागे सरकवत, हात धुवत आणि वॉर्डात जाऊन त्या पेशंटचं तोंड बघून येत. टेक्निशियनला हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टरमंडळी चिडवत, "काय तात्या, राउंड झाला का?" तात्या शांतपणे म्हणत, "झाला ना. अकरा नंबरकडे बघा जरा, श्वास बरा नाय."

मी तिथे संशोधनासाठी होते. तापात शरीरातल्या पेशी एकमेकींना रक्तातून निरोप धाडतात; त्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. ते फार वाढले की मलेरिया गंभीर होतो का, एवढंच मला शोधायचं होतं. प्रत्यक्षात दिवसभर पेशंटच्या रक्ताच्या नळ्या भरायच्या, नंबर लावायचे, फ्रीझरमध्ये ठेवायच्या. ऑगस्टपर्यंत मला त्या नळ्यांचा वीट आला होता.

तात्या मूळचे मालवणकडचे, वाढलेले भांडुपच्या चाळीत. माझा विषय ऐकून ते हसले. "म्हणजे चाळीतला चोर गो! शिरतो एक आणि सगळी चाळ काठ्या घेऊन धावते. चोर राहतो बाजूला, कठडे मोडतात, म्हातारी चेंगरते. स्लाइडवर चोर मोजता येतात. धावपळ तोंडावर दिसते. म्हणून सांगतो, तोंड बघून ये गो."

मी हो म्हणायचे आणि जायचे नाही. खरंच थकलेली असायचे.

आपली स्लाइड आपण वाचायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. डोळा आपल्याच बाजूने बघतो म्हणायचे. म्हणून स्वतःला ताप आला तेव्हा त्यांनी स्लाइड माझ्या टेबलावर ठेवली. टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. ते माझ्या मागे, दारात उभे राहिले. जंतू मोजके होते. मी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हटलं, "थोडेच आहेत तात्या. गोळ्या घ्या, घरी जाऊन पडा."

"बरं गो," ते म्हणाले आणि गेले. स्वतःचं तोंड त्यांना कसं दिसणार होतं?

तिसऱ्या दिवशी त्यांना आणलं तेव्हा श्वास लागला होता. डॉक्टरांनी शर्थ केली. संध्याकाळी तात्या गेले.

काही महिन्यांनी फ्रीझरमधल्या नळ्या तपासायला काढल्या. एकीवरचा नंबर तात्यांच्या हातचा होता, आणि वहीत त्या नंबरापुढे त्यांचंच नाव होतं. ताप अंगात असताना त्यांनी स्वतःची नळीही नंबर लावून, नीट जागेवर ठेवली होती. जंतू सगळ्यांत कमी असलेल्यांपैकी ते एक, आणि सायटोकाइनचा आकडा सगळ्यांत वरचा. माझ्या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्याच नळीने दिलं नाही. मला ते नको होतं.

आता लॅब माझ्याकडे आहे. टेबल मी दाराकडे तोंड करून लावून घेतलंय. उजेड डोळ्यांवर येतो, कामाला वेळ लागतो, हाताखालच्या मुली कुरकुरतात. दारात कोणी उभं राहिलं की मी मान वर करते.